मेंढरांनी काढलेली घोडी

माझी पेन्सिल चार पायांची आहे आणि हिरवं दिसलं की ती माझं ऐकत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं त्याबद्दल मला कुणी नावं ठेवायला नकोत.

ही पेन्सिल म्हणजे आमच्या कळपातली पुढं चालणारी मेंढी. तिच्या गळ्यात मी एक कापडी पिशवी बांधते आणि पिशवीत फोन ठेवते. मेंढी चालली की इंटरनेटवरच्या माझ्या पानावर, नकाशात, एक तांबडी रेघ पुढं सरकते. मेंढी थांबली की रेघ थांबते. कुणीही, कुठूनही ते पान उघडावं आणि रेघ वाढताना बघावी. चित्र पुरं झालं, मग भिंतीला टांगलं, असलं यात काही नाही. होत असतं तेच चित्र. कागदावर हे मला जमलं नसतं. ओतूरपासून शिनोलीपर्यंत कागद अंथरायचा कुठं, आणि तो मेंढरं खाणार नाहीत याची हमी कोण देणार?

आमची वस्ती ओतूरच्या अलीकडं. नवरा, गोरक्ष, घरचा कांदा बघतो. सासऱ्यांनी, जानकूमामंजींनी, कोकणात कळप उतरवणं कधीच सोडलं. पण उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की त्यांचे पाय घरात ठरत नाहीत. ओतूरहून निघायचं, जुन्नरच्या गावांमधून खाली महाळुंगे पडवळला यायचं, तिथून शिनोलीकडं वळायचं आणि पावसाच्या आत घरी. वाटेतले शेतकरी बोलावतात. रात्री त्यांच्या रानात मेंढरं बसवायची. त्यांना लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य. सासूबाई, तानूबाई, बरोबर असतात; त्यांना मी आत्याबाई म्हणते. सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. मी बिऱ्हाडाच्या मागं, हातात जुना, काच तडकलेला दुसरा फोन. तो बघायला, मेंढीच्या गळ्यातला रेघ काढायला.

चित्रकलेच्या शाळेत मी कधी गेले नाही. फोनमध्ये जे जे बटण दिसलं ते ते दाबून पाहिलं, एवढंच माझं शिक्षण. याआधी मी एक पान केलं होतं, ‘हाळी’ नावाचं. मेंढरांना हाक मारतानाचा माझा आवाज त्यावर ठेवला आणि लोकांना विचारलं, तुम्ही तुमच्या जनावरांना कशी हाक मारता? साताऱ्याहून आवाज आले, राजस्थानातून आले, कुठल्याशा बर्फाच्या मुलखातून एका बाईनं गायींना गाऊन हाक मारली. मी सगळे असे गुंफले की पानावर कुठंही बोट ठेवलं की तिथून कुणीतरी हाक मारायचं. एकदा ते मोठ्या आवाजात वाजवलं तर आमचा सगळा कळप उठून उभा राहिला, आणि जायचं कुठं ते कुणालाच कळेना. माणसं हसली. मला मात्र कळलं की आपल्या हाताला काहीतरी लागलं आहे.

त्या ‘हाळी’वरूनच पुण्याच्या श्रेयाचा फोन आला. फक्त इंटरनेटवर भरणारी चित्रप्रदर्शनं ती आणि तिची मंडळी भरवतात.

“हिराताई, तुम्ही आर्टिस्ट आहात हे तुम्हाला माहीत आहे का?” ती म्हणाली.

“मला माहीत आहे,” मी म्हटलं. “तुम्हाला कधी कळलं?”

ती हसली, आणि आमचं जमलं.

प्रदर्शन अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी उघडायचं होतं. मी घोडी काढणार होते. आदल्या वर्षी फोननं आपण होऊन आमच्या वाटेची रेघ ठेवली होती, आणि ती बघताना मला डोकं, मान आणि पाठ दिसली होती. यंदा जरा इकडं, जरा तिकडं वळलं की पाय निघतील असा माझा अंदाज. श्रेयाच्या जाहिरातीत तसं आलंसुद्धा: ‘घोडी, हिरा यांचे चालते चित्र’. खाली मीच सांगितलेला नियम: काढलेली रेघ पुसली जाणार नाही.

मामंजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही.

“मेंढरू चाऱ्यामागं जातं, पोरी. चित्रामागं न्हाई.”

“म्हणून तर तुम्ही लागता, मामंजी.”

मी काठीनं धुळीत घोडी काढून दाखवली. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले.

“ही घोडी हाय का डुक्कर?”

“का?”

“पाठ बघ की. आखूड. बिऱ्हाड कुठं ठिवनार हिच्यावर?” त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली. “पाठ लांबव. म्या दोन रानं पुढं बसवतो मेंढरं. मागल्या साली बोलवत व्हता तो शेतकरी, त्याला न्हाई म्हनलो व्हतो. आता हो म्हंतो.”

तिथून पुढं घोडी आमची दोघांची झाली. मी एकच गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा बजावली. पिशवी उघडायची नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही, फोन वाजला तरी घ्यायचा नाही; बोट लागलं आणि नकाशा बंद पडला तर रेघ तुटेल. त्यांनी बिरोबाची आण घेतली. सासरे आण घेतात तेव्हा ती मोडायची सोय नसते.

डोकं ओतूरच्या बाजूला छान उतरलं. मान, पाठ, शेपूट झालं, पुढचे दोन पाय झाले. महाळुंगे पडवळला आम्ही पोटाशी आलो. शिनोलीकडचे मागचे दोन पाय राहिले होते. पान बघणारे रोज थोडे थोडे वाढत होते. कुणीतरी लिहिलं, ‘आज घोडीनं श्वास घेतला.’ ती कळप पाण्यावर पसरला तेव्हाची रेघ होती, पण मी खुलासा केला नाही.

मग अक्षय्य तृतीया आली.

ओतूरच्या बाजारपेठेत मांगीलालशेठांचं कापडाचं दुकान आहे. शेठ आणि मामंजी लहानपणापासूनचे सोबती. एक मेंढरं राखणारा, दुसरा जैन, कांद्याच्या तालुक्यात राहून जन्मात कांदा न खाल्लेला. दोघांचं कशावरून जमलं ते दोघांनाही सांगता येत नाही. शेठांच्या प्यारीबाईंनी यंदा वर्षीतप केलं होतं. वर्षभर एक दिवस जेवायचं, एक दिवस उपास, आणि अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानं पारणं. त्या पारण्याला जानकूनं यायचंच, असा शेठांचा निरोप होता. मामंजी पहाटेच नवा फेटा बांधून पहिल्या एसटीनं गेले. मी तेव्हा पाण्याला गेले होते.

ऊन जरा वर आल्यावर पान उघडलं, तर माझी मेंढी नारायणगावला पोचलेली.

मी मान वर केली. मेंढी माझ्यासमोर बाभळीच्या शेंगा खात होती. मान खाली घातली. मेंढी ओतूरच्या रस्त्याला लागली होती आणि चांगलीच पळत होती. घोडीच्या पोटातून निघालेली रेघ सरळ तिच्या तोंडाकडं चालली होती.

खाली लोकांचं सुरू झालं होतं.

‘मेंढी एसटीत बसली.’

‘बाई आहे, अर्ध्या तिकिटात बसली असेल.’

‘घोडीनं दोरी गिळली का?’

मी जाऊन मेंढीचा गळा बघितला. पिशवी नव्हती. जिथं बंद घासत होता तिथलं कातडं लाल झालं होतं आणि त्यावर हळद लावलेली होती. सगळा उलगडा त्या हळदीत झाला. मेंढीला टोचतंय म्हणून मामंजींनी पिशवी काढली. काढली तर ठेवायची कुठं? उघडायची तर नाही. मग आपल्याच गळ्यात घातली आणि पारण्याला निघाले.

तांबडी रेघ ओतूरला पोचली, आणि बाजारपेठेतून पारण्याच्या मिरवणुकीबरोबर सगळ्या गल्ल्या फिरली. घोडीच्या तोंडाशी सुतळीचा गुंता झाला.

श्रेयाचा फोन आला. “हिराताई, काहीतरी तांत्रिक चूक झालीय.”

“तांत्रिक नाही. सासरे आहेत.”

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ठीक आहे, एवढं काही बिघडलं नाही. सकाळपासूनचा तुकडा काढून टाकू. तुमच्याकडे तो अधिकार आहेच, एक बटण दाबायचंय. संध्याकाळपर्यंत केलंत तर कुणाच्या लक्षातही राहणार नाही.”

तसं बटण होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला घोडी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या चित्राची जाहिरात केली होती, आणि त्यात घोडी लिहिलं होतं, घोडी आणि सुतळी नाही. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. आणि मांगीलालशेठांच्या मुलाला, पारसला, फोन लावला. त्याचं मोबाईलचं दुकान बापाच्या दुकानाला लागूनच आहे.

“वहिनी, काका इथंच होते,” पारस म्हणाला. “रस प्याले, आईच्या पाया पडले. मी म्हटलं, काका, तुमच्या गळ्यात काय आहे ठाऊक आहे का, आणि दुकानात नेऊन नकाशा दाखवला. गंमत म्हणून दाखवला हो मी. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, पोरीची घोडी नासवली म्या.”

“मग? कुठं आहेत?”

“म्हणाले, आलो तसा पुसत जातो.”

“पुसत म्हणजे?”

“मलाही कळेना. थट्टा वाटली. वहिनी, ते चालत निघालेत.”

मला मात्र कळलं. कळप चुकून कुणाच्या वाटेला गेला तर आमच्याकडं त्याच वाटेनं माघारी फिरवतात. खुरांवर खुरं पडली की पहिला माग मिटतो. कळप गेला होता का आला होता, कुणी सांगू शकत नाही. सासऱ्यांच्या लेखी नकाशातली रेघ म्हणजे माग. आलेल्या वाटेनं पायी परत गेलं की मिटणार.

“पारसभाऊ, गाडी काढा आणि त्यांना आणा,” मी म्हटलं.

“काढली होती. ओतूरच्या बाहेर गाठलं. म्हणाले, गाडीत बसून पुसत नसतंय. मी समजावलं, काका, असं मिटत नाही, उलट जाड होईल. तर मला म्हणतात, तू कापडवाल्याचा पोरगा, तुला मागातलं काय कळतंय.”

मी त्यांच्या गळ्यातल्या फोनवर फोन लावला. घंटी वाजत राहिली. बिरोबाची आण होती. पुन्हा लावला. नाहीच.

पानावर मात्र ते दिसत होते. सकाळी पळालेलं तांबडं टिंब आता आपल्याच रेघेवरून उलटं येत होतं, माणसाच्या चालीनं, भर वैशाखात.

श्रेयाला मी संध्याकाळची वाट न बघता फोन केला.

“पुसत नाही,” मी म्हटलं.

“पण हिराताई, ती घोडी दिसत नाहीये आता.”

“हो, दिसत नाही. पण तो म्हातारा माणूस तिकडं पायांनी पुसतोय, आणि मी इकडं बोटानं पुसू? शिवाय नियम माझा आहे. रेघ मला आवडली नाही म्हणून नियम मोडला, तर उद्या तुम्हीच म्हणाल, या बाईचं पान म्हणजे साधं चित्रच, घरी बसून काढलेलं.”

ती म्हणाली, “आम्ही घोडी जाहीर केलीय. मला समितीला विचारावं लागेल. कदाचित तुमचं पान या वेळी घेता येणार नाही.”

“विचारा,” मी म्हटलं. “घेतलं तर सगळं घ्या. नाहीतर राहू द्या.”

फोन ठेवला आणि मग घोडीची जाहिरात पुन्हा एकदा उघडून बघितली. बोलताना माणूस शूर असतोच.

पानावर मी एवढंच लिहिलं: ‘ही मेंढी नाही. माझे सासरे आहेत. बिघडलेली रेघ पुसायला ओतूरहून महाळुंगे पडवळला चालत निघाले आहेत. फोन उचलत नाहीत, कारण मी नको म्हटलं होतं.’

आत्याबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. नकाशा त्यांनी आधी कधी नीट बघितला नव्हता. टिंब थांबलं.

“का गं थांबलं?”

“काय माहीत, आत्याबाई.”

“तिथं जांभळीचं झाड हाय का?”

“नकाशात झाडं नसतात.”

“मग कसला नकाशा,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं टिंब हललं. “उठला. गुडघा धरला आसंल. आता हळू जाईल बघ.” आणि खरंच हळू गेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आत्याबाईंनी सासऱ्यांकडं असं टक लावून बघितलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. समोर असताना त्यांना ते कुठलं जमायला.

आणि मग एक गोष्ट झाली. पानाखाली एकानं लिहिलं, ‘मी याच रस्त्याला राहतो. पांढरा फेटा, गळ्यात निळी पिशवी. ताक दिलं. प्याले.’ नंतर आणखी एक: ‘आमच्या पडवीत बसवलंय. उन्हं कलली की सोडतो.’ एका कॉलेजच्या पोरीनं त्यांच्याबरोबर पुढच्या फाट्यापर्यंत चालून दाखवलं. इंटरनेटवर बसून माझं चित्र बघणारी माणसं उठून चित्रात जाऊन उभी राहत होती. हे मी योजलं नव्हतं. पण इंटरनेटचं हेच मला आवडतं. कागदावरच्या माणसाला कुणी ताक नेऊन देत नाही.

दिवस मावळता टिंब एका वस्तीवर थांबलं. “सावळारामाकडं उतरला,” आत्याबाई म्हणाल्या. सावळाराम त्यांचा मावसभाऊ. त्यांनी निवांत भाकरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयाचा फोन. आवाजच वेगळा.

“हिराताई, तुम्ही पाहिलंत का, किती लोक बघतायत? समितीचं एकमत झालंय. पान घ्यायचंच. फक्त एक सुचवू? घोडी काढून टाकू. फक्त हा रस्ता ठेवू. ‘चालणारे आजोबा’. फार ताकद आहे त्यात.”

काल घोडी ठेवायला सासरे काढायचे होते. आज सासरे ठेवायला घोडी काढायची होती. मला हसू आलं, पण पोरीचा जीव चांगला आहे, म्हणून हसले नाही.

“श्रेया, घोडीच नसती तर ते कशाला चालले असते? रस्त्यावर म्हातारी माणसं रोज चालतात. कुणी बघतं का?”

“तसं नाही, पण…”

“सगळं घ्या, नाहीतर राहू द्या. कालचंच बोलणं आहे, आज त्यात काही बदल नाही.”

“मी पुन्हा विचारते,” ती म्हणाली.

मामंजी उन्हं कलताना आले. फेट्याची पार दशा झालेली, पाय धुळीनं मातकट, पण चेहरा खुलून गेलेला.

“लोक लई चांगले झाल्यात गं,” घोंगडीवर बसत ते म्हणाले. “काय सांगू. जिथं बसावं तिथं कुनीतरी पाणी घिऊन हजर. एकानं तर जानकूबाबा म्हणून हाक मारली. म्या म्हनलं, पावणं, वळख न्हाई. तर नुसतं हसतंय. आपल्या वक्ताला अशी मानसं नव्हती, राव.”

आत्याबाई म्हणाल्या, “फोन का न्हाई घेतला?”

“आण व्हती.” मग त्यांनी पिशवी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली, न उघडता. “बघ. पुसली का?”

मी जुना फोन त्यांच्यापुढं धरला. घोडीच्या पोटापासून तोंडापर्यंतची रेघ दुहेरी होऊन चांगली बोटाएवढी जाड झाली होती. जाताना पट्टीनं ओढल्यासारखी. येताना वाकडी, मध्ये मध्ये गाठी पडलेली, जिथं ताक होतं, पडवी होती, सावळाराम होता.

ते बघत राहिले.

“म्हंजी न्हाई पुसली.”

“नाही, मामंजी. ही अशी पुसत नाही.”

“आनि त्या पोराला म्या कापडवाल्याचा म्हनलो.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मग काढून टाक तू. तुला येतंय न्हवं? पारस म्हनला, एक बटण हाय.”

“आहे. पण नाही काढणार.”

“का?”

“मला ही बरी वाटते. सगळ्या घोडीत एवढी एकच रेघ आहे, जी काढताना काढणाऱ्याला ठाऊक होतं कुठं जायचंय.”

त्यांना ते पटलं का नाही, कोण जाणे. पण त्यांनी फोन माझ्याकडं परत दिला नाही. बोटानं ओतूरपासून खाली खाली येत राहिले. “हितं ताक. हितं ती पोरगी. हितं कुत्रं मागं लागलं व्हतं.” आत्याबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. “आनि हितं गुडघा धरला,” त्या म्हणाल्या. ते चमकून मागं वळले. “तुला काय ठावं?”

रविवार जवळ आला होता आणि मागचा एकच पाय होण्याजोगा होता. श्रेयानं भीत भीत विचारलं, गोरक्षदादांच्या मोटारसायकलवरून फोन फिरवला तर चौथा पाय होईल का? मी म्हटलं, होईल, पण तो मोटारसायकलचा पाय होईल. या वेळी तिनं वाद घातला नाही. पान जसं आहे तसं, सगळंच्या सगळं घेत असल्याचं तिनं कळवलं. आम्ही शिनोलीच्या रानात मेंढरं बसवली. तिसरा पाय बऱ्यापैकी झाला, चौथा नाही.

प्रदर्शन उघडायच्या आधी श्रेयानं चित्राखाली घालायचा मजकूर मागितला. मी लिहिलं: ‘घोडी. योजना: हिरा. रेघ: मेंढरं आणि जानकू. काही भाग एसटीने.’

“शेवटचं वाक्य ठेवायचंच का?” तिनं विचारलं. “लोक हसतील.”

“हसू देत की. एसटीनंच तर गेले होते.”

मजकूर मी मामंजींना वाचून दाखवला. आपलं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, एसटी आली तेव्हा हात वर केला.

“थांब. हे अर्धवट हाय.”

“काय राहिलं?”

“जाताना यष्टीनं, येताना पायी, असं लिव्ह. न्हाईतर मानसं म्हंतील, म्हातारा दोन्ही वक्ताला बसून आला.”

मी श्रेयाला कळवून तसं लिहवून घेतलं.